दोन हद्दींमधली वाट

जपानातील नागोया नगरात कामिइदा नावाची एक भुयारी रेल्वे आहे. तिची महापालिकेच्या ताब्यातील लांबी अवघी आठशे मीटर, आणि स्थानके दोनच. गाडी सुटली म्हणेतो पोचते! एवढ्याकरिता भूमी पोखरणे हा सार्वजनिक धनाचा अपव्यय नव्हे काय, हा प्रश्न हिशेबाच्या चोपड्यांत आयुष्य वेचणाऱ्या आमच्यासारख्यांच्या मनात प्रथम उठावा, हे स्वाभाविकच आहे.

तथापि या मार्गाची कुळकथा पाहण्याजोगी आहे. उत्तरेकडून येणारी एका खाजगी कंपनीची रेल्वे कामिइदा येथे संपत असे. तेथून पुढे महापालिकेची ट्राम होती. ती १९७१ साली बंद झाली. त्याच वर्षी महापालिकेची भुयारी रेल्वे हेइआन-दोरीपर्यंत आली. परंतु दोहोंमध्ये आठशे मीटरांचे अंतर उरले, आणि ते भरून निघण्यास २००३ चा मार्च उजाडावा लागला. मधल्या तीस-बत्तीस वर्षांत उतारूंनी ते आपल्या पायांनी भरून काढले.

यात दोष कोणाचा? कंपनीची गाडी कंपनीच्या हद्दीपर्यंत येत होती, महापालिकेची महापालिकेच्या हद्दीत धावत होती. दोघांच्याही वह्या निर्मळ. नीतिविचारात आपण पापाला कर्ता शोधतो. कर्ता सापडला नाही की पापच घडले नाही असे मानून मोकळे होतो. 'सदर बाब या कार्यालयाच्या कक्षेत येत नाही' हे वाक्य कचेऱ्यांतून रोज लिहिले जाते, आणि ते बहुधा खरेही असते. प्रश्न एवढाच की, दोन खऱ्या वाक्यांच्या मध्ये जो माणूस उभा राहतो, त्याचे उत्तरदायित्व कोणावर?

जबलपूरकरांस हा विषय परका वाटू नये. अलाहाबादेकडून ईस्ट इंडियन रेल्वे येथे १८६७ मध्ये आली, मुंबईकडची जी. आय. पी. रेल्वे तिला येथे भेटली ती १८७० च्या मार्चमध्ये, आणि तेव्हा कुठे मुंबई-कलकत्ता हा लोहमार्ग सलग झाला. ज्यूल व्हर्नच्या ऐंशी दिवसांच्या पृथ्वीप्रदक्षिणेच्या कादंबरीत रूळ मध्येच संपतात आणि नायक हत्ती विकत घेऊन अलाहाबाद गाठतो. (कथानकाच्या काळी, म्हणजे १८७२ साली, वस्तुतः मार्ग जोडला गेलेला होता; पण कादंबरीकाराला हत्ती हवा होता.) ज्याची हत्ती घेण्याची ऐपत आहे त्याला मार्गातील खंड हे साहस वाटते. इतरांना तो नशिबाचा भाग वाटू लागतो, आणि म्हणूनच त्याची तक्रार कोणाच्या दप्तरी येत नाही.

आक्षेप राहतोच. जेथे रेल्वे मुळीच नाही अशा गावांचा हक्क या आठशे मीटरांहून मोठा नाही काय? आहे, हे आम्ही मान्य करतो. परंतु एक भेद ध्यानात घ्यावा. न दिलेली गोष्ट आणि देऊन काढून घेतलेली गोष्ट यांचे ऋण सारखे नसते. ट्रामच्या भरवशावर ज्यांनी बिऱ्हाड थाटले, नोकरी पत्करली, त्यांच्यापाशी एक अलिखित करार झालेला होता. शिवाय अंतर मीटरांत मोजणे फसवे आहे. जाऊन-येऊन रोज सोळाशे मीटर, वर्षाचे कामाचे तीनशे दिवस धरले, तर एकट्या माणसाचे ४८० किलोमीटर होतात. आणि ते चालणारा माणूस दरवर्षी तोच असतो.

उलट बाजूही आहे, आणि तिचे उत्तर आम्हांस नीटसे सापडलेले नाही. जबलपूर-गोंदिया या अडीच फुटी अरुंद मार्गाचा उरलेला भाग रुंदीकरणासाठी २०१५ मध्ये बंद झाला. आता तेथून मोठ्या रुळांच्या गाड्या गोंदियात न अडखळता पुढे चांदा फोर्टकडे जातात. एके काळी तेथे माल एका डब्यातून दुसऱ्या डब्यात उचलून ठेवावा लागे, उतारूंना गाडी बदलावी लागे, आणि त्या खंडावरच हमालांच्या कित्येक चुली पेटत. रुळांची रुंदी एक झाली तेव्हा त्यांचा रोजगार कोणत्या खात्याच्या कक्षेत येत होता?