गाणे सलग गावे की सांधावे?



घरातल्या घरात गाणे ध्वनिमुद्रित करणे आता अवघड राहिलेले नाही. एक बऱ्यापैकी माईक, तो संगणकाला जोडणारी छोटी पेटी, एक हेडफोन आणि एखादे सॉफ्टवेअर एवढ्यावर काम भागते. ऑडासिटीसारखे सॉफ्टवेअर तर फुकट मिळते. बाकीचे सामान बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत एका फेरीत गोळा होते. म्हणून नारायण पेठेसारख्या दाट वस्तीतही, वाडे जाऊन उभ्या राहिलेल्या इमारतींतल्या दोन खोल्यांच्या घरात, कुणी भावगीत, कुणी अभंग, तर कुणी नाताळची गाणी रेकॉर्ड करत असतो. पंखा बंद, खिडक्या बंद, कुकरच्या शिट्ट्या आधीच उरकलेल्या! गणपतीच्या आधी नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू झाला, की मात्र संध्याकाळी माईक उघडायची सोय राहत नाही.

असे गाणे तयार करण्याच्या दोन रीती आहेत. पहिली रीत अशी, की गाणे पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत सलग गायचे. मनासारखे झाले नाही तर पुन्हा पहिल्यापासून. अशा प्रत्येक प्रयत्नाला टेक म्हणतात. दुसऱ्या रीतीत तेच गाणे पाच-सहा वेळा गाऊन ठेवतात. मग सगळे टेक पडद्यावर एकाखाली एक मांडायचे. पहिल्यातला मुखडा, चौथ्यातला अंतरा, तिसऱ्यातला एखादा शब्दच, असे वेचून एक गाणे सांधायचे. सांधा कानाला लागू नये म्हणून बहुधा श्वासाच्या जागी कापतात आणि दोन्ही कडा एकमेकींत अलगद मिसळतात. ऐकणाऱ्याला वाटते, काय सुरेख गायले आहे! प्रत्यक्षात ते गाणे त्या रूपात कुणी, कधीही गायलेले नसते.

मग यात काही खोटेपणा आहे का? प्रश्न छंदाचा वाटेल, पण तो आपल्या घरात शिरलेला आहे. आपली मुले स्पर्धांसाठी रेकॉर्डिंग पाठवतात. घरातल्या वडीलधाऱ्यांचा आवाज आपण जपून ठेवतो. ‘हे मी गायलो’ असे म्हणून आपण नातेवाइकांना गाणे धाडतो. त्या ‘मी गायलो’ या शब्दांचा नेमका अर्थ काय, हे एकदा शांतपणे पाहायला हवे.

आधी सांधणाऱ्याची बाजू ऐकू या. लेखक पाच वेळा खोडतो आणि सहाव्या वेळी वाक्य नीट बसते, त्याला आपण खोटारडा म्हणत नाही. आमटीत मीठ कमी पडले म्हणून वरून घालणारी गृहिणी कुणाची फसवणूक करत नाही. मग गायकानेच एका दमात सगळे साधावे, हा हट्ट कशासाठी? ज्यांना दम्याचा त्रास आहे, वयामुळे ज्यांचा श्वास पुरत नाही, किंवा बाळ झोपले असतानाची वीस मिनिटेच ज्या आईला स्वतःची मिळतात, त्यांना ही सोय म्हणजे मोठाच आधार आहे. तिच्यामुळे कितीतरी माणसे गाऊ लागली. हे आम्ही चांगलेच मानतो.

शिवाय जुने ते सगळे खरे, हा समजही तितकासा बरोबर नाही. 78 फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. मेणावर उमटलेला सूर कापून जोडता येत नसे. चूक झाली तर नवे मेण घेऊन पुन्हा गायचे. तरीही बैठकीत तासभर रंगणारा राग तीन मिनिटांत आवरायचा, म्हणजे ती तबकडी हुबेहूब बैठक नव्हतीच. दोन-तीनदा गाऊन त्यातला बरा प्रयत्न बाजारात पाठवण्याची पद्धतही होती. यंत्रापुढे गाणारा प्रत्येक जण काही ना काही निवडतोच.

परदेशातली दोन उदाहरणे इथे उपयोगी पडतील.

कॅनडाचा पियानोवादक ग्लेन गूल्ड याने 1964 मध्ये जाहीर मैफली कायमच्या सोडल्या आणि यापुढे फक्त ध्वनिमुद्रणच करायचे असे ठरवले. बाखची एक रचना त्याने अनेकदा वाजवून ठेवली होती. त्यातले सहावा आणि आठवा असे दोन टेक निर्दोष होते, पण एक फार गंभीर झाला होता आणि दुसरा फार उत्साही. प्रत्येक पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला तर एकसुरी वाटे. शेवटी सुरुवात आणि शेवट एका टेकमधून आणि मधला भाग दुसऱ्यातून घेऊन त्याने ते जोडले, तेव्हा रचना खुलली. ही गोष्ट त्याने लपवली नाही. 1966 मधल्या एका लेखात कोणता टेक कुठे जोडला हे त्याने स्वतःच लिहून टाकले.

दुसरी गोष्ट किर्स्टन फ्लागस्टाड या नॉर्वेच्या थोर गायिकेची. 1952 मध्ये लंडनला वाग्नरच्या ‘ट्रिस्टान आणि इझोल्ड’ या संगीतिकेचे ध्वनिमुद्रण झाले. त्या वेळी त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. संगीतिकेतले अगदी वरच्या पट्टीचे दोन सूर त्यांच्याऐवजी एलिझाबेथ श्वार्त्सकोफ या गायिकेने गायले आणि ते बेमालूम बसवले गेले. तबकडीवर नाव फ्लागस्टाड यांचेच राहिले. पुढे ही गोष्ट बाहेर फुटली आणि त्यांच्या मनाला फार लागली. ते ध्वनिमुद्रण आजही जाणकार नावाजतात. पण तासन् तासांच्या गाण्यातल्या त्या दोन सुरांची चर्चा अजून संपलेली नाही.

सांधा तर दोन्हीकडे होता. मग एक गोष्ट आपल्याला खटकत नाही आणि दुसरी का खटकते? गूल्डचे दोन्ही टेक त्याचे स्वतःचे होते, दोन्ही सलग वाजवलेले होते, आणि ऐकणाऱ्याला त्याने अंधारात ठेवले नव्हते. फ्लागस्टाड यांच्या बाबतीत तबकडी घेणाऱ्याची जी समजूत होती, तिच्यात आणि वस्तुस्थितीत अंतर पडले. आम्हांला वाटते, सांधणे हा दोष नव्हेच. ऐकणारा ज्या भरवशावर ऐकतो आहे, तो भरवसा आपण पाळला की नाही, हे पाहायचे असते. चित्रपटातले गाणे ऐकताना ते तुकड्यातुकड्यांनी तयार झाले असेल हे आता शाळकरी पोरालाही ठाऊक आहे, म्हणून तिथे फसवणूक होत नाही. पण एखाद्या परीक्षकाला गायकाची आजची तयारी जोखायची असेल, त्याने सलग गाऊन पाठवा असे सांगितले असेल, आणि आपण सहा टेकमधून वेचलेले गाणे पाठवले, तर ते नुसते गाणे राहत नाही. ती खोटी साक्ष होते. त्या निवडीत ज्या मुलाची जागा जाते, त्याला कळतही नाही की ती का गेली.

साक्ष हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. त्याचा अर्थ समजायला नारायण पेठेतलेच एक उदाहरण आहे.

लोकमान्य टिळकांचा केसरीवाडा सर्वांना माहीत आहे. 2012 मध्ये ‘केसरी’ने एक जुने ध्वनिमुद्रण लोकांसमोर आणले. 1915 च्या गणेशोत्सवात या वाड्यात भास्करबुवा बखले यांच्या गाण्याच्या वेळी एका हौशी संगीतप्रेमी गृहस्थाने आपल्या यंत्रावर ते केले होते, असे सांगण्यात आले. त्यात लोकमान्यांचा आवाज असल्याचा दावा होता. आणि तो आवाज करतो काय? भाषण नव्हे. श्रोत्यांनी गडबड करू नये, शांत राहावे, अशी ताकीद देतो!

विचार करा, तेव्हा आजची सोय असती, तर गाण्यासाठी आसुसलेल्या कुणीही काय केले असते? गर्दीचा गोंगाट कापला असता, मधले बोलणे कापले असते, आणि निव्वळ गाणे ठेवले असते. म्हणजे आज ज्यासाठी आपण कान टवकारतो, तेच कचऱ्यात गेले असते. एका पिढीला जो अडथळा वाटतो, तो पुढच्या पिढीला ठेवा वाटतो, आणि कापणाऱ्याला हे आधी कळण्याचा मार्ग नसतो.

त्या ध्वनिमुद्रणाच्या अस्सलपणाविषयी शंकाही घेतल्या गेल्या. त्या वादाचा निवाडा आम्ही करू शकत नाही. पण वाद झाला हेच बोलके आहे. कानाला काय ऐकू येते एवढेच महत्त्वाचे असते, तर शंका घ्यायला कारणच नव्हते. त्या दिवशी, त्या वाड्यात, त्या माणसाने हे खरोखर उच्चारले का, हे लोकांना हवे होते. आवाजाच्या मुद्रणात गोडीपलीकडे ‘हे घडले’ असे एक आश्वासन असते. लेखकाच्या खोडलेल्या वाक्यात ते नसते, गृहिणीच्या आमटीत नसते. म्हणून ते दाखले इथे अर्ध्या वाटेपर्यंतच साथ देतात.

आता थोडे गाणाऱ्याविषयी. सांधण्याची सवय ऐकणाऱ्यापेक्षा गाणाऱ्यालाच जास्त बदलते. घरातल्या स्टुडिओत गायक तोच, वादक तोच आणि परीक्षकही तोच. ‘आता पुरे, छान झाले’ असे म्हणायला दुसरे कुणी नसते. मग दहाचे वीस टेक होतात, विसाचे चाळीस. एकेका शब्दासाठी रात्र जाते. 1997 मध्ये ऑटो-ट्यून आले, तेव्हापासून तर बेसूरही सुरात ओढता येतो. पुढे नीट करता येईल हे मनात असले, की माणूस गातानाच थोडा सैलावतो. शिवाय तालाच्या ठोक्याशिवाय मोकळे गायलेले गाणे दर खेपेला थोडे वेगळ्या लयीत जाते, भावही बदलतो. वेगवेगळ्या खेपांतले उत्तम तुकडे जोडले तरी त्यांतून एक माणूस एका भावनेने बोलतो आहे असे वाटेलच, याची खात्री नसते.

पुणे आकाशवाणीने 1 एप्रिल 1955 रोजी, रामनवमीला, गीतरामायण सुरू केले. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांचे संगीत, दर आठवड्याला एक नवे गीत, अशी 56 गीते 1956 पर्यंत प्रसारित झाली. प्रत्येकाचा आवाज वेगवेगळा मुद्रित करून मागाहून जुळवण्याची सोय तेव्हा नव्हती. गायक आणि वादक एकत्रच बसत. अशा ठिकाणी एकाची चूक ही सगळ्यांची चूक होते, आणि एकाला दुसऱ्याने सावरून घ्यावे लागते. आपल्या देवळातल्या गायनमंडळाला हा अनुभव दर रविवारी येतो. मिस्सात गाणे एकदाच गायले जाते. ऑर्गनवाल्याचा सूर चुकला, मागच्या बाकावरचे बाळ रडले, तरी गाणे थांबत नाही. दुसऱ्या ओळीत चुकलेल्या माणसालाही तिसरी ओळ गावीच लागते, आणि तीही खिन्न न होता.

ही चुकीनंतरची ओळ गाता येणे फार मोलाचे आहे, असे आम्हांला वाटते. चुकलेला तुकडा बदलण्याची सवय झालेल्याला ती ओळ गाण्याची वेळच येत नाही. तो प्रत्येक चुकीपाशी थांबतो. सलग गाणाऱ्याला मात्र आपली चूक मागे टाकून, सोबत्यांना न सोडता, गाणे शेवटाला न्यावे लागते. घरात, नोकरीत, संसारात आपल्याला रोज हेच करायचे असते, आणि तिथे कोणतेही सॉफ्टवेअर मदतीला येत नाही.

तेव्हा घरी रेकॉर्डिंग करणाऱ्या आपल्या मंडळींना चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली : आधी निदान तीन वेळा गाणे सलग गा, आणि चुकले तरी थांबू नका. बहुतेक वेळा त्या तिघांतला एखादा टेक तुम्हांला वाटला त्याहून बरा निघतो. त्यात एखादी जागा ठिगळ मागत असेल, तर खुशाल लावा. दुसरी : जे तुम्हांला गाताच येत नाही, ते जोडून आपले म्हणून पुढे करू नका. स्पर्धेला, परीक्षेला किंवा गायनमंडळाच्या निवडीला सलग गायलेलेच पाठवा, आणि मुलांना हे आईवडिलांनी सांगा. तिसरी : कुणी विचारले, तर जोडले आहे असे सरळ सांगा. त्यात कमीपणा नाही.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आजीचे ओवीगीत, आजोबांनी म्हटलेले एखादे जुने ख्रिस्ती गीत रेकॉर्ड कराल, तेव्हा मूळ ध्वनिमुद्रण जसेच्या तसे वेगळे जपून ठेवा. मधला खोकला, विसरलेला शब्द, ‘थांब गं, पाणी दे’ हे बोलणे, बाहेरचा रिक्षाचा आवाज, काही कापू नका. पाहुण्यांना ऐकवायला हवी तर स्वच्छ प्रत निराळी करा. वीस वर्षांनी नातवंडे ऐकतील, तेव्हा गाणे कदाचित त्यांना दुसरीकडेही सापडेल. आजीचे पाणी मागणे मात्र त्या एकाच टेकमध्ये असेल.