चंदनाची उपमा

शिक्षकाच्या निरोपसमारंभात चंदनाची उपमा आली नाही, असे मी क्वचितच पाहिले आहे. चंदन स्वतः झिजते आणि दुसऱ्यास सुगंध देते. शिक्षकही तसाच झिजला म्हणून तो धन्य होय, असे वक्ते सांगतात आणि सभा टाळ्या वाजविते. पुणतांब्यास अध्यापनाचे काम करीत असता अशा कित्येक सभांत मी बसलो आहे. आणि खरे सांगावयाचे तर एकदोन वेळा ही उपमा मीच योजिली आहे. पुढे मात्र एका लहानशा प्रसंगाने तिच्याविषयी माझ्या मनात संशय उत्पन्न झाला.

सुट्टीत वाचण्याजोग्या पुस्तकांची यादी मी दरवर्षी मुलांस देत असे. एके वर्षी सातवीतील एका मुलीने यादी उतरून घेतल्यावर अगदी सरळपणे विचारले, "गुरुजी, यांतले तुम्ही अलीकडे कोणते वाचले?" मी काहीतरी उत्तर दिले; ते खरे नव्हते. यादीतील बहुतेक पुस्तके मी वीस वर्षांपूर्वी वाचली होती, दोन तर मुळीच वाचली नव्हती, आणि गेल्या तीन वर्षांत पाठ्यपुस्तकांवाचून एकही पुस्तक मी शेवटास नेले नव्हते. वेळ नव्हता हे खरे. परंतु तेवढेच खरे नव्हते. रात्री पुस्तक उघडावे, तो डोळे ओळींवरून फिरत आणि मन कोठेच नसे. मी झिजलो होतो, यात शंका नाही. सुगंध कोणास आला होता, हे मात्र मला सांगता येईना. तेव्हा झिजणे हा स्वतःच एक सद्गुण आहे काय, असा प्रश्न मी स्वतःस विचारू लागलो.

या प्रश्नाचा विचार करताना पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलचे संस्थापक व त्यांचे सहकारी यांची आठवण होते. ती शाळा १८८० साली निघाली. विष्णुशास्त्री चिपळूणकर बत्तीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच १८८२ साली वारले. वामन शिवराम आपटे पस्तिशी न गाठता १८९२ साली गेले. त्यांच्यामागून फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्यपद घेतलेले आगरकर दम्याने जर्जर होऊन १८९५ साली, चाळिशीच्या आत निवर्तले. या तिघांचे स्मरण आपण आदराने करितो आणि ते योग्यच आहे. परंतु आदर नेमका कशाचा? चिपळूणकरांची 'निबंधमाला', आपट्यांचा १८९० सालचा संस्कृत-इंग्रजी कोश, मिल्ल व स्पेन्सर पचवून आगरकरांनी लिहिलेले निबंध, ही त्यांची थोरवी. अकाली मृत्यू ही त्या थोरवीची खूण नव्हे. तो आपला तोटा होय. आगरकर आणखी वीस वर्षे जगते, तर त्यांचा त्याग उणा ठरला असता, असे कोण म्हणेल? चंदनाच्या उपमेत हीच गफलत आहे. जी वस्तूची किंमत द्यावी लागली, तीच वस्तूची योग्यता समजून आपण पूजितो. शिवाय ही माणसे आधी भरली आणि मग रिती झाली. जो कधी भरलाच नाही, त्याने झिजून द्यावयाचे काय?

यावर कोणी म्हणेल, की कामचुकारास ही चांगलीच सबब सापडली. आक्षेप रास्त आहे; परंतु त्याचे उत्तर आमच्या गोदाकाठच्या कोणत्याही शेतकऱ्यास ठाऊक आहे. जाणता कुणबी एखादे वर्ष वावर पड ठेवितो, तेव्हा तो ते नांगरून ऊन खाऊ देतो. आळशी मनुष्याचे वावरही पडच असते, पण त्यात हरळी माजते. लांबून दोन्ही सारखीच दिसतात. विश्रांती आणि आळस यांतील भेद रिकामेपणात नसून त्या रिकामेपणी जमिनीचे काय होते, यात आहे.

याच गावातून १ जून २०१७ रोजी शेतकऱ्यांच्या संपास आरंभ झाला, हे वाचकांस स्मरत असेल. त्या संपाच्या फलिताविषयी मतभेद असोत. त्याने एक गोष्ट मला शिकविली. शेतकऱ्यास आपण अन्नदाता म्हणतो आणि शिक्षकास गुरू म्हणतो. विशेषण जितके मोठे, तितके देणे चुकविणे सोपे जाते. २००९ सालच्या बालशिक्षणहक्काच्या कायद्याने शिक्षकाचा आठवडा ४५ तासांचा ठरविला आहे, आणि त्यात तयारीचा वेळ धरलेला आहे. प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, असेही त्यातच म्हटले आहे. म्हणजे शिक्षकाचे वाचन ही त्याची हौस नसून कामाचाच भाग होय, हे कायद्याने मान्य केले. त्याच कायद्याने जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणूक यांची कामे मात्र आमच्याकडे ठेविली आहेत. तेव्हा तयारीचे तास मागून घेणे यात लाजण्यासारखे काही नाही. लाज वाटावी ती, ते मिळाल्यावरही पुस्तक न उघडण्याची.

आमच्या गावी गोदावरीच्या तीरी चांगदेवांची समाधी आहे. त्यांनी आळंदीस धाडलेल्या कोऱ्या पत्राची कथा सर्वांस माहीत आहे. इतकी वर्षे जगून हा कोराच राहिला, असे मुक्ताबाई म्हणाली. ज्ञानेश्वरांनी त्यास पासष्ट ओव्यांचे उत्तर लिहिले, आणि पुढे त्या वृद्ध योग्याने त्याच लहान मुलीस गुरू केले. पूर्वी मी ही कथा मुलांस सांगे, तेव्हा चांगदेवाच्या अहंकाराचा बोध काढीत असे. आता मला त्यांचा मोठेपणा दिसतो. शेकडो वर्षांची कीर्ती पाठीशी असता आपण कोरे आहो, हे त्यांनी कबूल केले. कागद कोरा होता, म्हणूनच त्यास उत्तर लिहिता आले. मी तर माझा कोरेपणा यादीखाली झाकून ठेविला होता.

पुढील वर्षी मी यादी दिली ती चारच पुस्तकांची. चारही त्या वर्षी वाचलेली. त्यांत लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' होती. लग्नानंतर अक्षरे गिरविणारी आणि आमच्याच जिल्ह्यात, राहुरीस व नगरास, संसार केलेली ही बाई थकव्याविषयी आणि हसण्याविषयी जे सांगते, ते कोणत्याही शिक्षकाने वाचावे. माझ्या थकव्यावर ते पुस्तक औषध झाले, असे मी म्हणत नाही; निवडणुकीच्या याद्या तशाच राहिल्या आणि वह्यांचा ढीगही तसाच राहिला. परंतु वर्गात बोलताना आपण स्वतः ऐकिलेले काही सांगत आहो, हे समाधान पुष्कळ दिवसांनी लाभले.

ती मुलगी तोवर दुसऱ्या शाळेत गेली होती. तिला खरे उत्तर देण्याचे राहून गेले. म्हणून ते येथे लिहिले आहे.