तिसऱ्याच्या तोंडून

सरकारी रुग्णालय धुळ्याचे असो वा जळगावचे, तेथील बाह्यरुग्ण विभागाचा सारा व्यवहार कानांवर चालतो. नाव पुकारले जाते, क्रमांक ओरडून सांगितला जातो, औषधाच्या खिडकीतून ‘ही सकाळी, ही जेवणानंतर’ अशी सूचना येते. जिला ऐकू येत नाही तिचे नाव गर्दीत विरून जाते. 2011 च्या जनगणनेत श्रवणदोष असलेल्यांची संख्या देशात 50 लाखांहून अधिक होती. शिरपूर, चोपडा, साक्री या तालुक्यांतील पाड्यांवरच्या लेकीसुनांनाही हे दुःख चुकलेले नाही.

अशी एखादी बहिरी सून सासूबरोबर डॉक्टरांपुढे बसली आहे, अशी कल्पना करू या. डॉक्टर प्रश्न विचारतात ते सासूला. पाळी केव्हा आली, अंगावरून जाते का, मागचे बाळंतपण कसे झाले, याची उत्तरे सासूच देते. सून आळीपाळीने दोघांच्या ओठांकडे पाहत राहते. सोनोग्राफीच्या अंधाऱ्या खोलीत तर ओठही दिसत नाहीत. ‘श्वास रोखा’ म्हटलेले तिला कळावे कसे? येथे कोणी दुष्ट नाही. सासूने दिवसाची मजुरी बुडवली आहे आणि डॉक्टरांच्या दाराशी रांग लागली आहे. तरीही आपण स्वतःला विचारले पाहिजे: मायेने का होईना, दुसऱ्याने तिच्या वतीने बोलले म्हणजे तिला न्याय मिळाला काय?

आम्हांला तसे वाटत नाही. नवऱ्याची मारहाण, लाजेने लपवलेले दुखणे, पुढच्या बाळंतपणाची धास्ती, हे कोणती सून सासूच्या तोंडून सांगेल? शस्त्रक्रियेच्या कागदावर तिचा अंगठा उठतो; पण कशासाठी, हे तिला कोणी समजावलेले नसते. 2008 साली समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की सज्ञान व सक्षम रुग्णाऐवजी तिच्या आईने दिलेली संमती चालत नाही. तेथे रुग्ण भूल दिलेल्या अवस्थेत होती. येथे तर ती डोळे उघडे ठेवून समोर बसलेली असते! 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमानेही सरकारी व खासगी रुग्णालयांत अडथळ्यांविना प्रवेश आणि उपचारांत अग्रक्रम मान्य केला आहे.

ख्रिस्तसभेला हा प्रश्न परका नाही. 1983 च्या धर्मसंहितेनुसार दुभाष्याच्या साहाय्याने पापनिवेदन करता येते आणि त्या दुभाष्यावरही गुप्ततेचे बंधन असते. आत्म्याच्या दुखण्यासाठी जी मर्यादा आपण पाळतो, ती देहाच्या दुखण्यासाठी का पाळू नये? संत मार्कच्या शुभवर्तमानातील बहिऱ्या माणसाची कथा आपण अनेकदा ऐकली आहे. प्रभू येशूने त्याला प्रथम लोकसमुदायातून बाजूला नेले, मग त्याच्या कानांना व जिभेला स्पर्श केला. ज्याला शब्द ऐकू येत नव्हते, त्याच्याशी प्रभूचा हात आधी बोलला. लोकांनी त्याला आणले हे खरे, पण त्या एकांतात मध्यस्थ कोणी नव्हता.

व्यवहारातील अडचण आम्ही जाणतो. दिल्लीत 2015 साली भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले, तेथे दुभाषी तयार होतात. परंतु शाळेचे तोंड न पाहिलेल्या स्त्रीला ती भाषाही ठाऊक नसते. तिच्या खुणा घरच्यांनाच कळतात. तेव्हा घरचे माणूस लागणारच. मात्र ते कोण असावे, हे तिने ठरवावे. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहून बोलावे, बोलताना तोंडावरची पट्टी शक्य तेव्हा खाली घ्यावी, चित्रे दाखवावीत. तिला काय समजले ते तिच्याच हातांनी दाखवू द्यावे. तपासणीच्या वेळी पडदा ओढून थोडा एकांत द्यावा. याला पैसा लागत नाही, वेळ लागतो.

आपल्या धर्मग्रामांत परिचारिका आहेत, धर्मभगिनी आहेत, आणि आपल्या काही घरांत अशा लेकीसुनाही आहेत. त्यांच्या वतीने बोलण्याची आपल्याला सवय जडली आहे. पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना थोडे गप्प राहून तिच्या हातांकडे पाहावे, एवढीच आमची विनंती.