आपला विसावा आणि त्यांचा रविवार



शनिवार-रविवारला जोडून एखादी सुट्टी आली की आपल्या धर्मग्रामातील काही कुटुंबे भंडारदऱ्याला जातात. तलावाकाठी एखादे छोटे लाकडी कॉटेज भाड्याने घ्यायचे, दोन दिवस मोकळी हवा खायची आणि ताजेतवाने होऊन कामाला लागायचे. ही आता केवळ मे महिन्यातील गोष्ट राहिलेली नाही. पावसाळ्यात रंधा धबधबा, हिवाळ्यात धुके आणि शेकोटी, पाऊस सुरू होण्यापूर्वी झाडांवर लुकलुकणारे काजवे. बारा महिने काही ना काही निमित्त असतेच. प्रवरा नदीवरील हे धरण १९२६ साली पूर्ण झाले. त्याच्या पाण्यावर खाली श्रीरामपूर भागातील शेती फुलली. आपल्यापैकी कित्येकांचे आजोळ तिकडचेच आहे. त्यामुळे या पाण्याशी आपले नाते जुने आहे.

“फादर, असे पैसे खर्चून जाणे ही चैन तर नाही ना?” असे आम्हाला कधी कधी विचारले जाते. उत्तर आपण शुभवर्तमानात शोधू या. शिष्य दमले होते, त्यांना जेवायलाही सवड मिळत नव्हती, असे संत मार्क सहाव्या अध्यायात सांगतात. तेव्हा प्रभू येशूने स्वतःच त्यांना विसाव्यासाठी एकांतात नेले, तेही सरोवरातून, मचव्यात बसवून. म्हणजे थकलेल्या माणसाने विसावा घेण्यात पाप नाही. पण कथा तिथे संपत नाही. मचवा किनाऱ्याला लागतो तो लोक आधीच पायी धावत तिथे येऊन उभे असतात, आणि प्रभूला त्यांचा कळवळा येतो. विसाव्याच्या जागीही त्याला माणसे दिसली. आपल्याला दिसतात का, हा खरा प्रश्न आहे.

ॲरिस्टॉटल या ग्रीक तत्त्ववेत्त्याने फार मोलाचा विचार मांडला. विश्रांती ही पुन्हा कामाला जुंपून घेण्यासाठी नसते. उलट, माणूस काम करतो ते निवांतपणासाठी, आणि त्या निवांतपणात तो सत्याचे चिंतन करू शकतो. विचार थोर खरा; पण त्याच्या काळी हा निवांतपणा मोजक्या लोकांचा होता आणि घरातील कष्ट गुलाम उपसत होते. त्याला त्यात काही वावगे वाटले नाही.

पवित्र शास्त्र इथे वेगळी वाट धरते. अनुवादाच्या पाचव्या अध्यायात शब्बाथाची आज्ञा आहे. ती केवळ ‘तू विश्रांती घे’ एवढेच सांगत नाही. तुझा दास, तुझी दासी, तुझा बैल, तुझे गाढव, तुझ्या गावात राहणारा परका, या सर्वांनाही तुझ्यासारखाच विसावा मिळाला पाहिजे, असे ती बजावते. कारणही देते: तूही मिसर देशात दास होतास. ज्याने राबणे सोसले आहे, त्याने दुसऱ्याच्या विसाव्याची काळजी घ्यावी.

आपल्या महाराष्ट्रात रविवारची सुट्टी आयती मिळालेली नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्यातून एक दिवस सुट्टी मिळावी म्हणून महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी अनेक वर्षे लढा दिला, आणि १८९० साली तो यशस्वी झाला. पुढच्याच वर्षी, १८९१ साली, पोप लिओ तेरावे यांनी कामगारांविषयीच्या आपल्या परिपत्रकात रविवारच्या विश्रांतीचा आग्रह धरला.

आता त्या लाकडी कॉटेजकडे वळू या. आपण पोहोचतो तेव्हा चादरी धुतलेल्या असतात, पाणी तापलेले असते, रात्री भाकरी आणि कोंबडीचा रस्सा समोर येतो. हे करणारी माणसे आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची असतात. आपली सुट्टी जितकी लांब, तितके त्यांचे काम जास्त. त्यांचा रविवार कोणता?

कोणी म्हणेल, “फादर, आम्ही गेलोच नाही तर त्यांची रोजी बुडेल.” हे अगदी खरे आहे, आणि जाऊ नका असे आमचे म्हणणे नाही. पण रोजी देणे आणि विसावा देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीने दुसरीची फेड होत नाही.

आणि हे केवळ भंडारदऱ्यापुरते नाही. रविवारी मिस्सा संपली की आपण घरी जाऊन पेपर वाचत बसतो, आणि आई मटण शिजवायला चुलीपाशी उभी राहते. कॉटेजमध्ये स्वयंपाकघर असले तर तिथेही तीच उभी राहते. आमच्या धर्मगुरुनिवासातही रविवारी चूल पेटतेच, आणि ती आम्ही पेटवत नाही. इतकी वर्षे या विषयावर प्रवचने देताना आम्हाला ते सुचले नाही, याची कबुली द्यायला हवी. येत्या महिन्यापासून रविवारचे रात्रीचे जेवण आम्ही स्वतः करणार आहोत. ते कसे होईल ते होवो.

म्हणून, तलावाकाठी जरूर जा. शनिवारी संध्याकाळची मिस्सा करून निघा, किंवा वाटेवर कुठे चर्च आहे ते आधी विचारून ठेवा. तिथे काम करणाऱ्याचे नाव विचारा, त्याची सुट्टी कधी असते तेही विचारा. रात्री अकराला चहा मागू नका. आपली भांडी आपण उचला, आणि निघताना मजुरीवर घासाघीस करू नका. आणि घरी परतल्यावर आपल्याकडे धुणीभांडी करणाऱ्या ताईंना आठवड्यातून एक दिवस पगारी सुट्टी द्या.

प्रभू आपणां सर्वांना, आणि आपल्यासाठी राबणाऱ्या सर्वांना, त्याचा विसावा देवो.