ओली रेघ

करंजाडेत पाऊस लागून आठवडा झाला. पनवेलची गाढी भरून वाहतेय आणि बिल्डिंगखालच्या पार्किंगची फरशी आठवडाभर वाळलेली नाही. रात्रीचे साडेदहा. खांबाआडच्या वाटीतला दूधभात मांजरीने अर्धाच खाल्ला आणि ती निघून गेली. तुम्ही आत्ता कुठे वाटी उचलायला आला आहात. घाई करू नका. उकिडवे बसा. श्वास सावकाश होऊ द्या.

वाटीच्या काठावर गोगलगाय आहे, बिनशंखाची. बोटभर लांब, चपटी, काळपट. पाठीवर मधोमध फिकट रेघ. शहारा येईल. येऊ द्या. तो ओसरला की पुन्हा बघा. वरच्या दोन शिंगांच्या टोकाला तिचे डोळे आहेत. खालची आखूड शिंगं वास घेत, चव घेत काठ चाचपताहेत. मागे फरशीवर चकाकणारी ओली रेघ. कवच नसल्यामुळे अंगातलं पाणी राखायला तिला रात्रीचा आणि ओलीचाच आडोसा.

‘गोगलगाय अन् पोटात पाय’ असं आपण आतल्या गाठीच्या माणसाला म्हणतो. प्राणिशास्त्रातही ती ‘उदरपाद’च. पण तिने लपवलंय काय? वास आला, ती आली. मग तुम्हाला राग नेमका कुणाचा आलाय? उत्तराची घाई नाही.

मिठाची आठवण झाली असेल. मीठ तिच्या अंगातलं पाणी ओढून घेतं. ती तडफडून मरते, आणि उद्या दुसरी येते. २०२२च्या पावसाळ्यात लातूर-बीडकडे गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं फस्त केली. त्या शेतकऱ्याची लढाई वेगळी. तुमचा प्रश्न वाटीभर. शेतात टाकतात ते मेटाल्डिहाइडचे दाणे इथे तर नकोतच. ते कुत्र्या-मांजरांनाही विष.

तिला दूर ठेवायला मात्र हवं. उंदरांच्या फुप्फुसातला एक जंत गोगलगायीच्या अंगात वाढतो. ती खाण्यात गेली तर कुत्र्यालाही बाधू शकतो. म्हणून कागदावर घेऊन तिला कुंपणाकडच्या पाल्यात सोडा. उरलेला भात ओल्या कचऱ्यात. वाटी साबणाने घासा, हात धुवा.

आता मनात उद्याची संध्याकाळ आणा. उजेड आहे. वाटी कोरड्या, उंच कट्ट्यावर आहे, कुंड्या आणि ओल्या गोणपाटांपासून लांब. भात मांजर खाईल तेवढाच. ती जेवतेय, तुम्ही जवळ उभे आहात. तिने तोंड फिरवलं, तुम्ही वाटी उचललीत. मुंग्यांसाठी डब्याखाली ठेवतो तशी पाण्याची ताटली ठेवलीत तर मुंग्या अडतील. गोगलगाय पाण्यातूनही वाट काढते. तिच्यावर उपाय एकच, वाटी मागे न ठेवणं.

जुन्या घरांतली पंगत आठवा. जेवणाआधी पानाभोवती पाणी फिरवायचं, उजवीकडे चित्राहुतीची चार शितं ठेवायची. त्यातला एक वाटा प्राणिमात्रांचा. वाटा मोजका, आणि जेवण आटोपलं की पान उचललेलं. आज तुम्ही दूधभात दिलात आणि वर निघून गेलात. देणं तिथे थांबलं. नंतरचं नुसतं टाकणं होतं.

फरशीवरची रेघ अजून ओली आहे. ती पुसा, वाटी घ्या, उठा.