टाका सर्वांचा, मांडणी जिची तिची

कोल्हापुरात शिवाजी पेठेत एक आक्का राहत होत्या. वाकळ शिवावी तर आक्कांनीच, असं अख्खी पेठ म्हणायची. उन्हाळा लागला की जुनी लुगडी, धोतरं, विटलेले परकर गाठोड्यात बांधून त्यांच्या सोप्यात येत. आक्का थरावर थर लावत, कडेपासून धावदोरा घालायला घेत आणि चौफेर फिरत मध्यापाशी येत.

शिकायला कुणीही यावं. थर सरकू नयेत म्हणून आधी लांब टाके कसे टाकायचे, विरलेलं कापड आत आणि धडकं वर का ठेवायचं, दोरा किती लांब घ्यायचा, सगळं त्या हातचं न राखता सांगत. “मला सासूनं शिकवलं, सासूला तिच्या आईनं. मी कुठं दाम मोजलं?” असं म्हणत.

एक वाकळ मात्र त्यांची स्वतःची होती. मधे खणाचा चौकोन आणि त्याच्या चारी बाजूंनी लुगड्यांच्या काठाच्या पट्ट्या, पंचगंगेच्या घाटाच्या पायऱ्यांसारख्या उतरत गेलेल्या. ती मांडणी जमेपर्यंत आक्कांनी कितीदा तरी उसवून पुन्हा शिवलं होतं. बायका तिला ‘घाटाची वाकळ’ म्हणत.

त्या उन्हाळ्यात दोन गोष्टी घडल्या. कापडाचा धंदा सुरू करू पाहणारी एक तरुणी आक्कांकडे शिकायला आली. आक्कांनी तिला टाका शिकवला, चहा पाजला, जाताना घाटाच्या वाकळीचा फोटोही काढू दिला. दुसरी गोष्ट बचत गटातली. एका वहिनींनी गोधड्यांच्या नमुन्यांचं एका परदेशी बाईचं पुस्तक विकत आणलं होतं. पुस्तक महाग, म्हणून पापाच्या तिकटीजवळ त्याच्या झेरॉक्स काढून सगळ्यांना वाटल्या. आक्कांनीही एक घेतली.

दिवाळीच्या तोंडावर शाहू स्मारक भवनात प्रदर्शन भरलं. आक्का गेल्या, तर एका स्टॉलवर घाटाची वाकळ टांगलेली. एक नव्हे, मशीनवर शिवलेल्या ओळीनं कितीतरी. वर पाटी होती, ‘आमचं स्वतःचं डिझाइन’. स्टॉल त्या तरुणीचा.

“पोरी, ही माझी वाकळ.”

“आक्का, तुम्हीच तर शिकवलंत. कुणालाही शिकवते म्हणाला होतात.”

“टाका शिकवला. ही मांडणी दिली व्हती का?”

“वाकळ काय एकटीची असते? आपली परंपरा आहे ती.”

आक्कांना पुढे शब्द सुचेना. एक वकीलबाई तिथेच खरेदी करत होत्या. त्यांच्या माहेरच्या वाकळी आक्कांनीच शिवलेल्या. त्या म्हणाल्या, “आक्का, धावदोऱ्यावर, थर लावायच्या रीतीवर, चौकोन-त्रिकोण जोडायच्या पद्धतीवर कुणाचीच मालकी नसते. कल्पनेला आणि पद्धतीला कॉपीराइट नाही. स्वतःच्या बुद्धीनं काढलेलं चित्र, आखलेला आणि लिहिलेला नमुना मात्र १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात येतो. त्याला नोंदणीही लागत नाही. करणाऱ्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं तो हक्क राहतो. विकायच्या वस्तूवरचं डिझाइन २००० च्या डिझाइन कायद्याखाली नोंदवलं, तर १० वर्षं आणि मुदत वाढवून घेतली तर आणखी ५ वर्षं संरक्षण मिळतं. पण ते डिझाइन नवं लागतं, आधी लोकांपुढे आलेलं सहसा चालत नाही. आणि तुमची घाटाची वाकळ तर पेठेनं वर्षानुवर्षं पांघरलीय. कोर्टात वाद घालता येईल. निकाल काय लागेल, ते आज सांगता येणार नाही.”

“म्हणजे मी बेकायदा काही केलं नाही,” तरुणी म्हणाली.

शेजारच्या स्टॉलवर चपला मांडून बसलेले मामा इतका वेळ ऐकत होते. ते म्हणाले, “ताई, आमचं बी असंच झालं व्हतं. २०१९ ला कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातलं चार जिल्हं, कर्नाटकातलं चार. २०२५ च्या जूनमधी मिलानच्या फॅशन शोत प्राडा कंपनीनं तसलीच पायताणं दावली. कोल्हापूरचं नाव कुठंच न्हाई. मानांकन नाव राखतं. नाव न घेता कुणी तसली घडण केली, तर काय करायचं? हायकोर्टात याचिका गेली, ती बी टिकली न्हाई. पर लोक बोललं. मग कंपनीनं प्रेरणा कुठली ते कबूल केलं, त्यांची माणसं हितं येऊन कारागिरांना भेटली, आणि डिसेंबरात दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. आमचा राग चपला केल्या म्हणून नव्हता, नाव गाळलं म्हणून व्हता.”

तरुणीनं मान खाली घातली. उठली आणि पाटी उतरवली. “आक्का, नवी पाटी तुमच्या नावाची लावते. विकल्या जाणाऱ्या प्रत्येक वाकळीमागे तुमचा वाटा देते. आणि तुम्ही नको म्हणालात, तर आजच सगळ्या काढून ठेवते.”

“ठेव की,” आक्का म्हणाल्या. “आधी इचारलं असतंस, तर तवाच हो म्हणाले असते.”

तरुणी घुटमळली. “एक बोलू का? रागावू नका. तुमच्या गटात त्या परदेशी बाईंच्या पुस्तकाच्या झेरॉक्स वाटल्या. त्यांना कुणी विचारलं होतं?”

आक्का गप्प झाल्या. त्या बाईनंही कुठंतरी बसून उसवलं असेल, पुन्हा शिवलं असेल. ती दूर आहे, तिचं तोंड दिसत नाही, एवढ्यानं तिचे कष्ट कमी होत नाहीत.

त्याच संध्याकाळी आक्कांनी गट बोलावला आणि सगळ्या झेरॉक्स गोळा केल्या. पुस्तक वहिनींनी गटाच्या पेटीत ठेवलं. जिला हवं तिनं पाळीनं घरी न्यावं, वाचावं, परत आणावं. विकत घेतलेलं पुस्तक एकमेकींना वाचायला देण्यात काही चूक नव्हती. त्यातल्या नमुन्याच्या वाकळी विकायच्या असतील, तर आधी त्या बाईंना पत्र लिहून विचारायचं ठरलं. आणि टाका शिकायला येणाऱ्यांसाठी आक्कांचा सोपा पूर्वीसारखाच उघडा राहिला.

बोध असा: विद्या दिल्यानं वाढते, म्हणून टाका कधी लपवू नये. पण एखादीनं आपल्या बुद्धीनं आणि कष्टानं जे मांडलं, ते घेण्याआधी तिला विचारावं, वापरताना तिचं नाव घ्यावं आणि त्यातून पैसा झाला तर तिचा वाटा तिला द्यावा. ‘परंपरा सगळ्यांची आहे’ हे खरं आहे, पण ते वाक्य एका बाईचं नाव पुसायला वापरू नये. कायदा यातलं थोडंच राखू शकतो, उरलेलं आपल्यालाच राखावं लागतं. आणि आपल्या कामाला जो न्याय आपण मागतो, तोच दुसरीच्या कामाला देता आला, तरच तो मागायचा आपल्याला अधिकार आहे.