मांडव्याची वयोमर्यादा

महाभारताच्या आदिपर्वात, बालपणी किड्याला काडी टोचल्याबद्दल सुळावर चढलेले मांडव्य ऋषी प्रत्यक्ष यमधर्मालाच शाप देतात आणि चौदा वर्षांपर्यंतचे कृत्य पाप ठरणार नाही अशी मर्यादा घालतात; २०१५ च्या बाल न्याय अधिनियमानेही अठरा वर्षांखालील मुलाच्या ठायी दुष्ट हेतू नाही असेच गृहीत धरले आहे. केडगावातील एखाद्या विद्यार्थ्याने सायकल चोरली, तर २०१६ च्या आदर्श नियमांनुसार त्याच्यावर गुन्हा दाखल न होता केवळ ठाणे दैनंदिनीत, म्हणजे पोलिसांच्या रोजच्या नोंदवहीत, नोंद होते. अपवाद फक्त किमान सात वर्षे शिक्षेच्या किंवा प्रौढांसोबत केलेल्या गुन्ह्यांचा. हा नियम गरीब पालकांना ठाऊक नसतो, म्हणून विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाने पहिल्याच दिवशी ठाण्यात उभे राहणे हाच खरा धर्म होय, आणि मुलाचे नाव शाळेच्या पटावरून कमी होऊ नये यासाठी मुख्याध्यापकांना भेटणेही त्यातच येते.